मामाची हनुवटी

भूमीच्या शाळेत दातांची तपासणी झाली, त्या दिवशी तिने दप्तरातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. छापील कागदावर पेनाने दोनच ओळी होत्या. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत आहेत. दाखवून घ्या.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, दुसरीत. पुढचे दुधाचे दात पडून नवे आले होते. कोणती आई म्हणेल की मला हे माहीत नव्हतं? पण खरंच माहीत नव्हतं. मी तिची वेणी घालायची, नखं कापायची, अभ्यास घ्यायची. तोंडात मात्र पाहत नसे. सकाळी ब्रश तिचे पप्पा करून घ्यायचे, पडलेला दात पत्र्यावर टाकायलाही तेच जायचे. असं का, ते मला कोणी विचारलं नाही आणि मी स्वतःलाही विचारलं नाही.

त्या चिठ्ठीनंतरचं दीड वर्ष मी इथे लिहिते आहे. एखाद्या आईच्या हातात अशीच चिठ्ठी पडली असेल, तर मी केलेली चूक तिच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी.

*

आधी माझ्या भावाबद्दल सांगावं लागेल.

आम्ही पारोळ्याचे. वडील लवकर गेले. दादाने नववीत शाळा सोडली आणि सुरतेला येऊन लिंबायतमध्ये लूमवर लागला. मी शिकावं म्हणून. आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली, आणि त्या पदवीवर माझं नाव असलं तरी ती माझ्या एकटीची नाही. आज मी पांडेसऱ्याच्या एका मिलच्या लॅबमध्ये कापडाच्या शेड तपासते. ती नोकरीही दादानेच कुणाकुणाला विचारून शोधली.

दादाची हनुवटी पुढे होती. खालचा जबडा वरच्याच्या पुढे, लहानपणापासून. पुढच्या दातांनी त्याला काही तोडता यायचं नाही. भाकरी तो मान वाकडी करून दाढेने तोडायचा. चावताना कानाजवळ कट् असा आवाज व्हायचा. हसताना तोंडावर हात. दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी पाहिलं आणि निरोपच पाठवला नाही. त्याने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, "माझा फोटो पाहूनच पळतात, जेवताना पाहिलं तर गावच सोडतील."

भूमी आठ महिन्यांची असताना तिला दात आले. वरचे दोन, आधी.

आमच्याकडे बाळाचे खालचे दात आधी यावेत असं मानतात. वरचे आधी आले तर ते मामाला जड. मग मामाने थेट बाळाचं तोंड पाहायचं नाही. वाटीत तेल घ्यायचं, त्यात बाळाची सावली पाहायची, मगच बाळ मांडीवर घ्यायचं. बाळाला सांभाळायला माझ्याकडे आलेल्या आईने तेल काढून ठेवलं होतं. मी नाही म्हटलं. मी शिकलेली, लॅबमध्ये काम करणारी, असलं काही माझ्या घरात चालणार नाही, असं बरंच बोलले. त्याच संध्याकाळी दादा लूमवरून आला आणि मी भूमीला सरळ त्याच्या मांडीवर दिलं.

त्याने तिचा ओठ बोटाने उचलून पाहिला आणि हसला. "मना तं सगळाच दात उलटा शेतस. हाई पोर मनावर गयी." माझे तर सगळेच दात उलटे, ही माझ्यावर गेली.

भूमी तीन वर्षांची असताना दादा तापाने गेला. पाच दिवसांत. आई एकटी उरली, म्हणून डिंडोलीला आमच्या घरी राहायला आली.

आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण त्यानंतर घरात मामा आणि दात हे दोन शब्द एकत्र कोणी उच्चारले नाहीत. माझा त्या तेलाच्या वाटीवर विश्वास नव्हता. आजही नाही. तरी ती वाटी स्वयंपाकघरातल्या मांडणीवर दिसली की मी तिच्यापुढे दुसरं भांडं ठेवायचे.

*

चिठ्ठी घेऊन आधी आम्ही उधना दरवाज्याजवळच्या एका चकचकीत दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन मिनिटं तोंडात पाहिलं आणि सांगितलं की सगळेच दात वाकडे येणार आहेत, तार आत्ताच लावा, नंतर पस्तावाल. नंतर म्हणजे केव्हा, आणि थांबलो तर नेमकं काय होईल, हे मी विचारलं. त्यांनी मोबाईलवर दुसऱ्या मुलांचे आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "सात वर्षांची पोर. अजून निम्मे दात दुधाचे आहेत. माझेही वाकडे होते, आले की सरळ आपोआप."

"तुमचे सरळ आहेत?"

"रिक्षा चालवायला पुरतात," असं म्हणून त्यांनी किक मारली.

माझ्या लॅबमधल्या एका बाईंनी सल्ला दिला की दातांच्या कॉलेजच्या दवाखान्यात जा, गर्दी असते पण घाई करत नाहीत. मी एक दिवसाची रजा टाकली. भूमीला सांभाळायला म्हणून आईही आली.

खिडकीवरची बाई म्हणाली, "बेन, बेसो. नंबर आवशे एटले बोलावीश." बसा, नंबर आला की बोलावते. आम्ही तीन तास बसलो. समोर खुर्च्यांची लांब रांग, प्रत्येक खुर्चीवर आ केलेलं एक तोंड. भूमीला मजा वाटत होती. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

शिकाऊ डॉक्टर मुलीने आधी तपासलं, मग मोठ्या मॅडम आल्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी भूमीला दात मिटायला लावले, उघडायला लावले, पुन्हा मिटायला. हनुवटी धरून मागे ढकलून पाहिली. मग मला म्हणाल्या, सगळे वाकडे दात लहानपणी सरळ करायचे नसतात. बरेचसे बारा-तेराव्या वर्षापर्यंत थांबू शकतात. पण खालचे दात पुढे असतील, तर ते फक्त दातांचं आहे की जबड्याचं, हे आधी पाहावं लागतं. दातांचं असेल तर साध्या प्लेटने होतं. जबड्याचं असेल तर वेळ महत्त्वाची, कारण वरचा जबडा ओढून पुढे आणायची संधी लहानपणीच असते.

फॉर्म भरणारी मुलगी पेन घेऊन उभी होती. मॅडमनी विचारलं, "घर में किसी का ऐसा जबड़ा है? मम्मी-पप्पा, दादा-दादी, मामा, मासी?"

त्यांनी मामा म्हटलं आणि माझ्या कानात काहीतरी बंद झालं.

"नाही," मी म्हणाले. "किसी का नहीं."

मुलीने रकान्यात लिहिलं. आई माझ्या शेजारी उभी होती. तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली, एवढंच.

मॅडम म्हणाल्या, घरात कोणाचं नसेल तर बहुतेक दातांचंच असेल. वरचे बाजूचे दोन दात पूर्ण येऊ द्या. चार-सहा महिन्यांनी दाखवा, मग प्लेट देऊ.

मी हात जोडले. रिक्षात बसल्यावर मला हायसं वाटलं, हे मी कबूल करते.

*

ते पाच महिने मला आठवायला आवडत नाहीत.

भूमीला पेरू फार आवडतो. ती त्याला जामफळ म्हणते, शाळेत सगळे गुजराती म्हणून. नाक्यावरच्या लारीवरून, म्हणजे हातगाडीवरून, मीठ-मसाला लावून आणायचं आणि ओट्यावर बसून खायचं. एकदा मी गॅलरीतून पाहिलं. ती मान वाकडी करून, फळ गालाशी नेऊन, दाढेने तोडत होती. हे तिला कोणी शिकवलं? दादा गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. तिला त्याचा चेहराही आठवत नाही, फोटोतला माणूस म्हणूनच ओळखते.

मग एका दुपारी जेवताना कट् असा आवाज आला. माझा घास हातातच राहिला. मी आईकडे पाहिलं. आईनेही तो ऐकला होता. ती भूमीकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, दादा गेल्यापासून मी पाहिलं नव्हतं असं समाधान होतं. तिने भाकरीचे लहान तुकडे केले, कडा काढल्या आणि भूमीच्या ताटात ठेवले. दादासाठी करायची तसेच.

त्या दिवसापासून मला घरात जेवायला बसायची भीती वाटू लागली. पाठीमागून आवाज आला की मी दचकायचे. मी मागे वळायचे आणि तिथे माझी दोन वेण्यांची मुलगी असायची.

शाळेतून येऊन एकदा तिने विचारलं, "मम्मी, हुं बुलडॉग छुं?"

"कोण म्हणालं?"

"बधा." सगळे. मग हसली. हसताना तिने तोंडावर हात ठेवला.

मी तिचा हात खाली घेतला. तिने परत ठेवला.

माझं काम असं आहे की रंगवलेल्या कापडाचा तुकडा मूळ नमुन्याशेजारी ठेवायचा आणि सांगायचं, जुळला की नाही. काही शेड फसव्या असतात. एका दिव्याखाली हुबेहूब जुळतात आणि दुसरा दिवा लावला की वेगळ्या दिसतात. म्हणून आमच्या पेटीत तीन प्रकारचे दिवे असतात आणि तिन्ही लावून पाहिल्याशिवाय सही करायची नसते. एका सकाळी दिवे बदलता बदलता माझा हात थांबला. भूमी समोरून माझ्यासारखी दिसते. सगळे म्हणतात. बाजूने पाहिलं तर ती दादा आहे. मी तिला समोरूनच पाहत आले होते, मुद्दाम. आणि मी डॉक्टरांच्या कागदावर सही करावी तसं सांगून आले होते, की जुळत नाही.

कापड चुकलं तर पुन्हा रंगवता येतं.

*

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं की मी परत दवाखान्यात जाणार आहे आणि दादाबद्दल सांगणार आहे.

आई गव्हातले खडे निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "आते सांगशी? तवय तं तू म्हननी, कोणीच नही. मना आंडोर कोणीच नही व्हता का?"

माझा मुलगा कोणीच नव्हता का. पाच महिने ती हे घेऊन बसली होती.

मी म्हणाले, आई, मला त्याचं नाव घेववलं नाही. तिला पुढे त्रास होईल, दादाला झाला तसा. वेळेत केलं तर कदाचित होणार नाही.

"ते तोंड मना आंडोरनं शे," आई म्हणाली. "देवनी माले परत दिधं. तू ते बदलाले निंघनी का?"

मी ओरडले. मी आईवर कधी ओरडत नाही. म्हणाले, त्याला ते तोंड आवडत होतं का? आयुष्यभर हात ठेवून हसला तो. आणि मग, इतकी वर्षं जे बोलले नव्हते ते बोलून गेले. "तुला वाटतं ना मीच मारलं त्याला? तेल दाखवू दिलं नाही म्हणून?"

आईचे हात सुपात थांबले. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणा तिसऱ्याबद्दल बोलते आहे.

"तेल दखाडेल व्हतं मी."

मला कळलं नाही.

ती सावकाश सांगू लागली. मी भूमीला दादाच्या मांडीवर दिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी कामावर असताना, ती भूमीला घेऊन लिंबायतला दादाच्या खोलीवर गेली. वाटी नेली, तेल नेलं. दादाने हसत हसत सगळं केलं, आईचं मन राखायला. मला सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं.

"तू शिकेल सवरेल. तू हासशी, म्हनीसन नही सांगं." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "समदं करं. तरी गया."

सगळं केलं, तरी गेला. आता तिच्याकडे आणि माझ्याकडेही दोष ठेवायला जागासुद्धा उरली नव्हती. एका घरात, एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी चार वर्षं त्या एका वाटीभोवती फिरत होतो. ती मला घाबरून आणि मी तिला.

भूमी आत आली, आजीकडे, मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हणणार होते. म्हणाले, "तुझा मामा. त्याचं बोलत होतो."

*

मॅडमना दाखवायला दादाचा बाजूने काढलेला फोटो हवा होता. सगळ्या फोटोंत तो समोर, ओठ मिटून, नाहीतर तोंडावर हात. आईनेच आठवण करून दिली. अमळनेरला माझ्या पदवीच्या दिवशी काढलेला. मी काळ्या झग्यात, हातात गुंडाळी, कॅमेऱ्याकडे पाहते आहे. शेजारी दादा. फोटोग्राफर दोनदा म्हणाला होता, भाऊ, इकडे पाहा. तो माझ्याकडेच पाहत राहिला. त्याचा एका बाजूने स्पष्ट दिसणारा तेवढाच फोटो आहे.

मॅडमनी तो भूमीच्या गालाशेजारी धरला. नमुन्याशेजारी कापड धरावं तसा. मग त्यांनी विचारलं, "ये पहले क्यों नहीं बताया?"

मी खरं सांगितलं. तेलाच्या वाटीसकट सगळं. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "बहुत लोग नहीं बताते." कोणी लाजेने, कोणी घराण्याला नाव लागेल म्हणून, कोणी मुलीचं लग्न डोळ्यांपुढे ठेवून. आणि आम्ही कागदावर लिहिलेलं खरं धरतो.

बाजूचा एक्स-रे काढला. वरचा जबडा मागे होता. प्लेटने भागणार नव्हतं. टाळूला एक पट्टी बसवायची आणि रोज बारा-चौदा तास चेहऱ्यावर एक चौकट घालायची. एक टेकू कपाळावर, एक हनुवटीवर, मध्ये दांडी, आणि तोंडातून दांडीला रबर. मॅडमनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, वय अजून हाताशी आहे. पाच महिन्यांनी सगळं बिघडलं असं नाही, पण अजून दोन वर्षं गेली असती तर मी हे सुचवलं नसतं. वरचा जबडा आपण पुढे ओढू शकतो, खालच्याला थांब असं सांगू शकत नाही. तो सोळा-अठरापर्यंत वाढणार. कदाचित मोठेपणी ऑपरेशनही लागेल.

म्हणजे करूनही होईलच असं नाही, या वेळी सोबत आलेले हे म्हणाले.

"होईलच असं नाही," मी म्हणाले. "पण करू."

आईने मॅडमना हिंदीत विचारलं. तिचं हिंदी लारीवाल्यांपुरतं. "मुंह बदल जायेगा क्या?"

मॅडम तिच्या शेजारी बसल्या. "माजी, चेहरा इसका अपना रहेगा. बस रोटी आगे के दाँत से तोड़ेगी."

फॉर्म भरणाऱ्या मुलीने जुना कागद काढला. कुटुंबाच्या रकान्यात लिहिलेलं खोडलं आणि वर लिहिलं, मामा.

*

चौकट पहिल्यांदा घातली त्या संध्याकाळी भूमी रडली. तिने आरशात पाहिलं आणि काढ म्हणाली. मीच काढणार होते. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं, आणि कारण वेगळंच होतं. हनुवटीवरच्या टेकूने हनुवटी पूर्ण झाकली होती आणि दादा दिसेनासा झाला होता. इतके महिने ज्याला घाबरत होते, तो दिसेना म्हणून मी त्याला शोधत होते.

रबर लावायला आई पुढे आली. तिची बोटं जाड, पण नेटकी. तिने एक बाजू अडकवली, मग दुसरी, आणि भूमीच्या कपाळावरचे केस बाजूला केले. तेव्हापासून ते काम तिचंच आहे. रोज साडेसहाला ती हाक मारते, "बापू, ये." दादाला ती बापू म्हणायची. भूमी येऊन समोर बसते.

वाईट दिवस बरेच आले. टाळू दुखायची, ओठाच्या कोपऱ्यात जखम झाली, एकदा चौकट घातलेली असताना शेजारची मुलं दारात येऊन हसून गेली. मग तिच्या पप्पांनी रिक्षाच्या आरशावर फुगा बांधला आणि भूमीला त्या चौकटीसकट डिंडोलीभर फिरवून आणलं. परत आल्यावर ती म्हणाली, आता सगळ्यांनी पाहिलं, आता कोणी पाहायचं राहिलं नाही.

आठव्या महिन्यात वरचे दात खालच्यांच्या पुढे आले. जेमतेम. मॅडम म्हणाल्या, आत्ता आनंद माना, पण चौकट सोडू नका. दर वर्षी एक्स-रे काढायचा, अठरापर्यंत. फाईलमध्ये दादाचा तो फोटो असतो. मॅडम प्रत्येक वेळी तो पाहतात. मीही पाहते. तो आमच्यापैकी कोणाकडेच पाहत नाही, काळ्या झग्यातल्या मुलीकडे पाहतो.

कट् आवाज कमी झाला आहे. पूर्ण गेलेला नाही. रात्री भाजी-भाकरी खाताना कधी ऐकू येतो, आणि आई आणि मी दोघी थांबतो, आणि मग पुन्हा जेवू लागतो.

मागच्या आठवड्यात भूमी ओट्यावर बसून पेरू खात होती. मी गॅलरीत होते, आई खाली तिच्याजवळ. भूमीने फळ तोंडासमोर धरलं आणि सरळ, पुढच्या दातांनी तोडलं. मान वाकडी केली नाही. तिला स्वतःला काही कळलं नाही, ती मैत्रिणीशी बोलत होती.

आईने तिच्या हातातून पेरू घेतला. त्यावर वरच्या दातांची स्वच्छ कमान उमटली होती. आई त्या खुणेवरून अंगठा फिरवत राहिली.

"आजी, आप ने," भूमी म्हणाली. दे ना.

"देस, बापू," आई म्हणाली. देते. पण पेरू तिने लगेच दिला नाही.